पाटीवरून पुसलेला पदार्थ

दिल्लीतील आयएनए बाजारापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत एका मलयाळी गृहस्थांची खानावळ आहे. तिचे नाव मी येथे देणार नाही. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. सात मेजे, भिंतीवर ख्रिस्ताची तसबीर आणि शेजारीच गुरुवायूरच्या कृष्णाची, दाराशी हात धुण्याचे भांडे. दुपारी लाल उकड्या तांदळाचा भात, कुडमपुळी घातलेली माशांची आमटी, कोबीचे तोरण आणि ताक. रात्री पोरोट्टा. जवळच्या मोठ्या रुग्णालयांतील पाळी संपवून आलेल्या परिचारिका येथे जेवतात, घरी फोन लावतात, आणि अर्ध्या तासात निघून जातात. कोकणातून आलेल्या एका मराठी स्नेह्यास मी तेथे नेले होते. तो उकडा भात त्याने ज्या गतीने संपविला त्यावरून पश्चिम किनारा ही एक सलग गोष्ट आहे, हे मला नकाशाहून अधिक चांगले समजले.

या खानावळीत एक पांढरा फळा आहे. त्यावर दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात. वर्षातून दोनदा, नवरात्राच्या दिवसांत, त्यावरील एक ओळ पुसली जाते. म्हशीच्या मांसाचा सुका परतलेला प्रकार. ‘आदेश आहे का?’ असे मी एकदा विचारले. ‘आदेश कसला, सर? फोन येतो,’ मालक म्हणाले. कोणाचा, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दिल्लीला दक्षिणेचे खाणे नवे नाही. येथील प्रत्येक वसाहतीत ‘साउथ इंडियन’ अशी पाटी असते आणि तिच्याखाली डोसा, इडली, वडा या तीन शब्दांत विंध्याच्या खालचा सारा भूभाग उरकलेला असतो. त्यात नैऋत्य किनाऱ्याचा वाटा किती मोठा आहे हे खाणाऱ्यास ठाऊक नसते. आज आपण ज्याला दक्षिणी उपाहारगृह म्हणतो तो नमुना घडविला तो मुख्यतः उडुपी आणि त्याभोवतीच्या तुळुनाडूतून बाहेर पडलेल्या माणसांनी. कृष्णराव यांनी मद्रासमध्ये 1938 साली ‘वुडलँड्स’ काढले. माटुंग्यात रामा नायक यांचे बोर्डिंग 1942 पासून पंगती वाढते आहे. बंगळूरचे मावळ्ळी टिफिन रूम्स त्याहून जुने, 1924चे. या सर्वांच्या मागे मंदिराच्या स्वयंपाकघराची शिस्त होती, आणि त्याचबरोबर किनाऱ्यावरची गरिबी होती. टेबल पुसणारा मुलगा काही वर्षांत गल्ल्यावर बसे. शहरात पाय रोवण्याची ती एक शिडी होती, आणि ती शिडी सरकारने बांधलेली नव्हती.

सरकारने मात्र तिला अनेकदा हलविले आहे. आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली आणले गेले, तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम्सला तो दर्जा त्या दरात परवडेना. तयार पिठांच्या पाकिटांच्या धंद्याकडे ते वळले, त्याचे एक कारण हे. आज घराघरांत ती पाकिटे आहेत, म्हणजे धोरणाच्या चुकीचेही कधी कधी भले फळ निघते. पण त्यावर विसंबून धोरण आखता येत नाही.

समाजानेही तिला हलविले आहे. 1966 साली शिवसेना स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत मुंबईतील उडपी हॉटेलांवर दगड पडले, हे मराठी वाचकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. आणि ज्यांच्यावर दगड पडले त्यांचाही इतिहास निर्मळ नव्हता. मद्रासमध्ये 1957 साली पेरियार यांच्या अनुयायांनी एका हॉटेलाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ या शब्दाविरुद्ध दीर्घकाळ निदर्शने केली, अटका झाल्या, आणि अखेर तो शब्द उतरला. कोण कोणाच्या हातचे खातो हा या देशात कधीही केवळ चवीचा प्रश्न नव्हता.

घटनाकारांना हे पुरते ठाऊक होते. अनुच्छेद 15च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देश आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास तेथे मज्जाव करता येणार नाही. जगातल्या किती राज्यघटनांना हॉटेलाचा उल्लेख करावासा वाटला असेल? 29 नोव्हेंबर 1948 रोजी या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा धोबी, न्हावी यांचे काय, असा प्रश्न आला; त्यावर डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, अटी मान्य असतील तर जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो त्यात येतो, असा खुलासा केला. त्यांच्यापुढे चित्र स्पष्ट होते. दारात उभा राहिलेला, हाकलून दिला गेलेला ग्राहक.

त्या चित्रात गल्ल्यामागचा माणूस नव्हता. त्याला संरक्षण लागेल असे तेव्हा वाटले नसावे. व्यवसायस्वातंत्र्याचा अनुच्छेद 19 त्याला पुरेसा होईल, अशी समजूत असावी. गेल्या दहा वर्षांतील घटना पाहिल्या की ती समजूत अपुरी होती असे म्हणावे लागते.

26 ऑक्टोबर 2015 रोजी दिल्ली पोलीस जंतरमंतर मार्गावरील केरळ हाउसमध्ये शिरले. तेथील उपाहारगृहात गोमांस वाढले जाते अशी तक्रार एका संघटनेच्या पदाधिकाऱ्याने केली होती. वाढले जात होते ते म्हशीचे मांस. दिल्लीत 1994चा जो कायदा लागू आहे त्यात गाय, वासरू, बैल यांचा समावेश आहे, म्हशीचा नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तक्रारीत अर्थ नव्हता. मुख्यमंत्री उम्मन चंडी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, तक्रारदारास ताब्यात घेतले गेले, मध्यंतरी मागे घेतलेला पदार्थ पुन्हा यादीत आला. आपण केवळ शांतता राखण्यासाठी गेलो होतो, असे पोलिसांचे म्हणणे होते.

या प्रकरणाकडे बहुतेकांनी गोमांसाच्या वादातील एक अध्याय म्हणून पाहिले. मला त्यात त्याहून वेगळे काही दिसते. केरळ हाउस ही एका राज्याच्या शासनाची वास्तू आहे, आणि दिल्लीचे पोलीस केंद्राच्या अधीन आहेत. एका राज्याचा स्वयंपाकघरातील हंडा दुसऱ्या सत्तेने उघडून पाहावा, आणि त्यासाठी एक दूरध्वनी पुरेसा व्हावा, हा संघराज्याचा प्रश्न होता. केरळला मुख्यमंत्री होता, पत्र लिहिता आले. माझ्या गल्लीतील खानावळवाल्यास कोण आहे?

एप्रिल 2022 मध्ये दक्षिण दिल्ली महापालिकेच्या महापौरांनी नवरात्रात मांसाची दुकाने बंद असावीत असे आयुक्तांना लिहिले. त्यावर बंदीचा रीतसर आदेश निघाला नाही. दुकाने तरीही बंद राहिली, त्यांत आयएनए बाजारातील दुकानेही होती. आदेश निघाला असता तर कोणीतरी न्यायालयात गेले असते. आदेशावर सही लागते, कारण लागते, कलम लागते. पत्राला यांतले काहीच लागत नाही. दुकानदाराने दार ओढून घेतले की ते ‘स्वेच्छेने’ ठरते. नऊ दिवसांची कमाई गेली, भाडे मात्र चालू राहिले, आणि दाद मागावी तर कागद नाही.

याच्या उलट 2024च्या जुलैमध्ये कागद होता, आणि म्हणूनच तो टिकला नाही. कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावे दर्शनी भागात लावावीत असे मुझफ्फरनगर पोलिसांनी सांगितले, मग उत्तर प्रदेश सरकारने ते राज्यभरातील मार्गासाठी लागू केले. 22 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते हे सांगण्यास सांगता येईल, नावे लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या सुनावणीत न्या. भट्टी यांनी केरळमधील आपली आठवण सांगितली. तेथील एका शहरात दोन शाकाहारी उपाहारगृहे होती, एक हिंदूचे आणि एक मुस्लिमाचे; दुबईहून परतलेल्या त्या मुस्लीम मालकाची स्वच्छता आंतरराष्ट्रीय दर्जाची असल्याने आपण त्याच्याकडे जात होतो. मद्रासमध्ये पाटीवरून जात उतरविण्यासाठी आंदोलन करावे लागले होते. सदुसष्ट वर्षांनी पाटीवर नाव चढविण्यासाठी पोलिसांचे पत्रक निघाले.

दिल्लीत एक सुधारणा झाली आहे आणि तिची नोंद घेतली पाहिजे. येथे उपाहारगृहास महापालिकेच्या आणि अन्नसुरक्षेच्या परवान्यांखेरीज पोलिसांचीही नोंदणी लागत असे. जून 2025 मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने सात प्रकारच्या व्यवसायांच्या परवान्यांतून पोलिसांना बाजूला काढण्यात आले. खाद्यगृहे त्यांत आहेत. व्यवसायसुलभता हे त्याचे सांगितलेले कारण, आणि ते चुकीचे नाही. पण परवान्याचा कागद गेला म्हणून फोन थांबत नाही. आमच्या खानावळीच्या मालकांना मी ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली होती. ते हसले, आणि माझ्या ताटात आणखी एक पोरोट्टा टाकला.

माझी मागणी फार मोठी नाही. हंडा उघडण्याचा अधिकार अन्नसुरक्षा कायद्यातील अधिकाऱ्याचा असावा, पोलिसाचा नव्हे. नमुना कसा घ्यावा, पावती कशी द्यावी, अहवाल कोणी द्यावा हे त्या 2006च्या कायद्यात लिहिलेलेच आहे. कोणत्याही कारणासाठी दुकान बंद ठेवावयाचे असेल तर लेखी, सहीचा, कलमाचा उल्लेख असलेला आदेश निघावा, आणि तो नसेल तर दुकान चालू ठेवणाऱ्यास संरक्षण देणे हे ठाणेदाराचे कर्तव्य मानले जावे. बंदी कायदेशीर असेल तर त्या दिवसांचे परवाना शुल्क तरी परत मिळावे. शेवटची सूचना ऐकून एका माजी सनदी अधिकाऱ्याने मला भाबडा म्हटले होते. ते मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट राज्यांच्या हातात आहे. दिल्लीतील राज्यभवनांची उपाहारगृहे हा आपल्या संघराज्याचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला विभाग असेल. आंध्र भवनाबाहेर रविवारी लागणारी रांग पाहिली की भाषावार प्रांतरचना कोणी कशी पचविली ते कळते. परंतु काही भवने बाहेरच्यांना दार उघडतात, काही फक्त निवासी पाहुण्यांना वाढतात, आणि कंत्राटदार बदलला की राज्याची चवही बदलते. महाराष्ट्र सदनात 2014च्या जुलैमध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेल. मराठी जेवण मिळत नाही ही तक्रार रास्त होती. रोजा असलेल्या कर्मचाऱ्याच्या तोंडाशी पोळी नेण्याने तिचा रास्तपणा संपला. सदनात महाराष्ट्राचे अन्न मिळावे ही अट कंत्राटात का नसावी, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही.

आणि एक बाजू आपण खाणारे सोयीस्करपणे विसरतो. आमच्या खानावळीतील पोरोट्टा ज्याच्या हातून इतका सुटसुटीत, पापुद्र्यांचा उतरतो तो झारखंडचा आहे. मलयाळम तो पदार्थांच्या नावांपुरते बोलतो. खुद्द केरळमधील हॉटेलांत आज बंगाल, आसाम, ओडिशाचे कामगार आहेत; तेथील शासन त्यांना ‘अतिथी कामगार’ म्हणते आणि त्यांच्यासाठी ‘आवाज’ ही विमा योजना 2017 पासून चालविते. दिल्लीत तसे काही नाही. नव्या श्रमसंहितांतील स्थलांतरितांविषयीचा भाग दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. आमच्या खानावळीत चौघे आहेत. खानावळवाल्याला फोन आला की तो फळ्यावरची एक ओळ पुसतो, पण नऊ दिवस गिऱ्हाईक अर्धे झाले की कामावरून ज्याला गावी पाठविले जाते तो हा झारखंडचा मुलगा. मालक वाईट नाहीत. परत आला तर घेतात.

गेल्या नवरात्रात मी तेथे गेलो तेव्हा तो नव्हता. पोरोट्टे मालक स्वतः करीत होते, जाडसर आणि ओबडधोबड. रात्रपाळीला निघालेल्या दोन परिचारिका आल्या. फळ्याकडे त्यांनी पाहिले, एकीने मलयाळममध्ये हळू आवाजात काही विचारले. मालकांनी मान हलविली, रस्त्याकडे एकदा पाहिले, आणि माशांची आमटी आणण्यास आत गेले.