घरच्या डॉक्टरांचा वारस उपेक्षित राहू नये

एकेकाळी मध्यमवर्गीय घरात आजारपण आले की पहिली आठवण होई ती घरच्या डॉक्टरांची. आजोबांच्या दम्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत साऱ्या कुटुंबाचा इतिहास त्यांना मुखोद्गत असे. आज गुडघ्याला एक आणि हृदयाला दुसरा तज्ज्ञ उपलब्ध आहे. परंतु संपूर्ण माणसाला ओळखणारा डॉक्टर मात्र दुर्मीळ झाला आहे.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आली नाही, असे नव्हे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कुटुंबवैद्यकातील, अर्थात फॅमिली मेडिसिनमधील तज्ज्ञांची गरज मांडली. २०१७ च्या धोरणाने या विषयातील एम.डी. अभ्यासक्रमाच्या प्रसाराचा पुरस्कार केला. डी.एन.बी.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. तथापि, तेथील प्रशिक्षणार्थी आज बालरोग विभागात, तर उद्या शल्यविभागात शिकतो. त्याचे बहुतेक शिक्षक अन्य शाखांचे असतात. ज्या वाटेने त्याला आयुष्यभर चालायचे आहे, त्या वाटेवरचा अनुभवी पांथस्थ त्याला भेटतो कोठे?

तो भेटतो परिषदांमध्ये. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण आरोग्यावरील ‘वोन्का’ या कुटुंबवैद्यकांच्या जागतिक संघटनेची परिषद नवी दिल्लीत भरली होती. अशा मेळाव्यांत खेड्यापाड्यांत काम करणारे डॉक्टर स्वतःचा अनुभव सांगतात. आपली शाखा दुय्यम नाही, हा आत्मविश्वास तरुण डॉक्टरला तेथे लाभतो. परंतु नोंदणीशुल्क, प्रवास आणि निवास यांचा भार विद्यावेतनावर जगणाऱ्या, शैक्षणिक कर्जाखाली दबलेल्या मुलामुलींनी कसा पेलावा?

अमेरिकेत कुटुंबवैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा १९६९ मध्ये मिळाला. तेथील कुटुंबवैद्यकांच्या अकादमीने विद्यार्थी व निवासी डॉक्टरांसाठी कॅन्सस सिटी येथे राष्ट्रीय परिषद भरविण्याची प्रथा पाडली आणि तेथे येण्यासाठी शिष्यवृत्त्याही दिल्या. पुढची पिढी आपोआप घडत नाही, ती घडवावी लागते, हे त्यांनी ओळखले. त्यांचे सारेच अनुकरणीय नाही. ही दूरदृष्टी मात्र निश्चितच घेण्याजोगी आहे.

परिषदा म्हणजे औषध कंपन्यांच्या खर्चाने केलेली सहल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. म्हणूनच भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये नियमांत दुरुस्ती करून कंपन्यांकडून प्रवासखर्च व पाहुणचार स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई केली. निर्णय योग्यच होता. परंतु अशुद्ध पैशाचे दार बंद करताना शुद्ध पैशाचे दार उघडावे लागते. अन्यथा परिषदेला केवळ सधन घरची मुलेच जातील आणि ज्यांना गावाकडे परतायचे आहे, ती मागे राहतील.

हे दार समाजाने उघडावे. गावोगावच्या वैद्यकीय संघटना, सार्वजनिक न्यास आणि निवृत्त डॉक्टर यांनी प्रतिवर्षी एका प्रशिक्षणार्थीचा भार उचलला, तरी मोठे काम होईल. अटीही साध्या असाव्यात: स्वतःच्या रुग्णसेवेवर आधारित निबंध परिषदेत मांडावा आणि परतल्यावर तेथे मिळालेले ज्ञान सहकाऱ्यांना द्यावे. निवड गुणवत्तेवर व गरजेवर व्हावी, ओळखीवर नव्हे.

रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या डॉक्टरांचे ऋण ज्या घरांवर आहे, त्यांना त्या ऋणातून अंशतः तरी उतराई होण्याचा याहून उचित मार्ग कोणता?