बावन्नावा

गेल्या महिन्यात आमचे एक जुने स्नेही नातवाला घेऊन घरी आले. मुलगा पंधरा वर्षांचा, पण उंची सहा फूट दोन इंच. चौकटीखालून वाकूनच आत आला. त्याला बास्केटबॉलखेरीज काही सुचत नाही, दहावीनंतर क्रीडा वसतिगृहात जायचे म्हणतो, अशी आजोबांची तक्रार. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर इथल्या मराठी घरांतून मुलांना एकच मंत्र दिला गेला : शिका आणि नोकरी धरा. त्याच मंत्रावर वाढलेल्या आमच्या स्नेह्यांनी सरळच विचारले, "भाऊसाहेब, यात पोट भरते का हो?"

उत्तरादाखल आम्ही त्यांना एका पंजाबी शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत सांगितली. वाचकांपुढेही ती ठेवतो.

सतनामसिंग याचा जन्म १९९५ सालचा, बल्लोके नावाच्या लहानशा गावातला. वडील सात फुटांहून उंच. मुलगाही तसाच वाढला. लुधियानाच्या अकादमीत तो खेळ शिकला आणि २०१० साली शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. वय चौदा, इंग्रजीचा गंध नाही. २०१५ साली अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनबीएच्या वार्षिक निवडीत साठ खेळाडू निवडले गेले. त्यांत बावन्नावा सतनाम होता. भारतात जन्मलेला खेळाडू निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली, पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला.

वर्तमानपत्रांतली गोष्ट बहुधा येथे संपते. खेळाडूचे आयुष्य मात्र येथून सुरू होते. दुसऱ्या फेरीत निवड झालेल्यास करार मिळेलच अशी हमी नसते. सतनामची रवानगी डॅलसजवळच्या टेक्सास लेजंड्स या संघात झाली. हा संघ धाकट्या लीगमधला. २००१ साली सुरू झालेली ही लीग म्हणजे मोठ्या लीगची उमेदवारीची शाळा होय. २०१७ पासून ती जी लीग म्हणून ओळखली जाते. २०१५-१६ च्या हंगामात तेथील खेळाडूस सुमारे पाच महिन्यांचे १९ किंवा २५ हजार डॉलर मिळत. मोठ्या लीगमधील किमान वेतन होते सव्वापाच लाख डॉलर. सामना तोच, चेंडू तोच, घामही तोच; अंतर मात्र वीसपटींहून अधिक.

सतनामने तेथे दोन हंगाम काढले. मैदानावर उतरण्याची संधी क्वचितच मिळे. मोठ्या लीगचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. २०१८ मध्ये तो कॅनडातील एका संघाकडून खेळला. २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला आणि २०२० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. २०२१ साली त्याने अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा आखाडा धरला.

त्याच्यामागून गेलेल्यांचीही वाट सोपी नव्हती. पालप्रीतसिंग ब्रार याला २०१६ मध्ये धाकट्या लीगच्या संघाने निवडले आणि हंगामापूर्वीच सोडून दिले. अमज्योतसिंग २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या धाकट्या संघात पोहोचला. आपल्याकडेही २०१५ साली एक व्यावसायिक लीग निघाली. तीत पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. काही हंगामांतच ती थंडावली. आपल्या देशात बास्केटबॉलपटूची चूल प्रामुख्याने पेटते ती रेल्वे, सैन्यदले, पोलीस किंवा तेल महामंडळासारख्या संस्थांतील नोकरीवर.

स्नेही म्हणाले, "म्हणजे नकोच म्हणायचे ना?"

तसे आम्हांस म्हणावयाचे नव्हते. शिखरावर जो पोहोचत नाही तो वाया गेला, हा हिशेब आपण इतरत्र कोठे लावतो? प्रत्येक वकील उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती होत नाही आणि प्रत्येक गवई दरबारी होत नाही. तरी त्यांच्या विद्येस आपण मान देतोच. मग मधल्या पायरीवर प्रामाणिकपणे राबणाऱ्या खेळाडूलाच अपयशी का म्हणावे? अट एवढीच, की पायरी मधली आहे हे घरच्यांनी आणि मुलानेही आधीच जाणून घ्यावे. शिक्षण सुटू देऊ नये. गुडघा दुखावला तर तेच उपयोगी पडते. नोकरीची वाट खेळातूनही जाते, ती विचारून ठेवावी. आणि कोणी गोळी वा पूड दिली तर ती कशाची, हे विचारल्यावाचून तोंडात घालू नये.

इतका वेळ मुलगा मुकाट बसला होता. तो हळूच म्हणाला, "पण आजोबा, बावन्नावा तरी आला ना!"

आजोबा काही बोलले नाहीत. आम्ही विषय बदलावा म्हणून सांगितले, की १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला, तेव्हा सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या होत्या. कडे आजही तेवढ्याच उंचीवर असते. जाताना स्नेही दारात थबकले.

"किती उंचीवर म्हणालात?"

"दहा फूट."

"बांबू आहे अंगणात पडलेला," ते म्हणाले, "दहा फुटांहून लांबच असेल."