शिंगे पाहिली, पापनिवेदन पाहिले नाही

आपल्या धर्मग्रामांतील पालकसभांना अलीकडे एक नवा विषय लाभला आहे. घरातील तरुण मुले रात्री दार लावून काय पाहतात, हा तो विषय. अशाच एका सभेत ‘डेअरडेव्हिल’ या अमेरिकन मालिकेचे नाव निघाले. नावातच सैतान, अंगावर तांबडा पोशाख, डोक्याला शिंगे, प्रत्येक भागात रक्तपात आणि त्यावर कळस म्हणजे पापनिवेदनासारख्या पवित्र संस्काराचा करमणुकीसाठी वापर, असा आरोपांचा पाढा एका गृहस्थांनी वाचला. सभेने माना डोलावल्या. मालिका कोणी पाहिली आहे काय, असे मी विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. मी मात्र ती पाहिली आहे. तिन्ही पर्वे, आणि काही भाग दोनदा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मुखवटा घालून मारामाऱ्या करणाऱ्या वीराचा चाहता म्हणवून घ्यावे, हे काहींना पोरकट वाटेल. वाटो बापडे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेअरडेव्हिल हे पात्र १९६४ साली स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी मार्व्हलच्या चित्रकथांसाठी निर्मिले. त्यावरील ही मालिका २०१५ ते २०१८ या काळात नेटफ्लिक्सवर तेरा तेरा भागांच्या तीन पर्वांत आली. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधील हेल्स किचन या वस्तीतला, एका मुष्टियोद्ध्याचा मुलगा. एका वृद्धाला वाहनाखाली येण्यापासून वाचवताना अंगावर उडालेल्या रसायनाने लहानपणीच त्याची दृष्टी गेली, पण उरलेली इंद्रिये विलक्षण तीक्ष्ण झाली. बापाचा खून झाल्यावर तो अनाथाश्रमात धर्मभगिनींच्या छायेत वाढला आणि पुढे वकील झाला. दिवसा तो गरिबांचे खटले लढवतो. रात्री तोंडाला फडके बांधून गुंडांशी लढतो. ही वस्ती एकेकाळी गरीब आयरिश स्थलांतरितांची होती, आणि मर्डॉक कॅथलिक आहे तो त्या मातीमुळे. त्याचा धर्म लेखकांनी शोभेसाठी वरून चिकटवलेला नाही.

आता त्या ‘करमणुकीसाठी वापरलेल्या’ संस्काराकडे वळू. पहिल्याच भागात, बालपणीच्या अपघाताचा छोटा प्रसंग संपताच, मर्डॉक पापनिवेदनासाठी बसलेला दिसतो. तो वडिलांविषयी बोलतो. मर्डॉकांच्या पोरांत सैतान असतो, असे आजी म्हणायची, ते सांगतो. आणि शेवटी जे मागतो त्याने फादर लँटमही चपापतात. केलेल्या कृत्याबद्दल त्याला क्षमा नको असते; जे तो करायला निघाला आहे, त्याबद्दल हवी असते. हा संस्कार असा चालत नाही, असे फादर त्याला सरळ सांगतात.

माझ्या भाच्याने हा भाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, “मामा, पाप करण्याआधीच क्षमा मागता येते का?” मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले उत्तर दिले: पश्चात्ताप हवा, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय हवा, त्याशिवाय पापक्षमा नाही. त्यावर तो म्हणाला, “मग तो तिथे गेलाच कशाला?” गेली चार वर्षे पापनिवेदनाला न गेलेल्या मुलाने हा प्रश्न विचारला होता. इतक्या वर्षांच्या उपदेशाने आम्हाला जे साधले नव्हते, ते शिंगवाल्या वीराच्या चार मिनिटांनी साधले. याला संस्काराची विटंबना म्हणायचे असेल, तर विटंबना या शब्दाचा अर्थ आपल्याला नव्याने शिकावा लागेल.

रक्तपाताच्या आरोपाला माझे उत्तर थोडे तिखट आहे. हेच पालक आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना २०१२ सालचा ‘द अव्हेंजर्स’ दाखवायला हौसेने घेऊन गेले होते. त्यात अर्धे न्यूयॉर्क उद्ध्वस्त होते. इमारती कोसळतात, त्यांत माणसे असणारच. पण पडद्यावर रक्ताचा थेंब दिसत नाही, म्हणून ते कौटुंबिक मनोरंजन! ‘डेअरडेव्हिल’ची कथा नेमकी त्या विध्वंसानंतर सुरू होते. वीर घरी निघून गेले, मागे ढिगारे उरले, आणि त्या ढिगाऱ्यांच्या पुनर्बांधणीतून विल्सन फिस्क नावाचा धनदांडगा गब्बर होत गेला. भाडेकरू हुसकावले जाऊ लागले. दिमाखदार चित्रपटाने जो हिशेब मांडलाच नाही, तो या काळोख्या मालिकेने मांडला.

दुसऱ्या भागातील मारामारी सर्वांच्या तोंडी आहे. पळवून नेलेल्या एका मुलाला सोडवण्यासाठी मर्डॉक एका अरुंद बोळात एकटा लढतो आणि कॅमेरा जणू एका दमात ते सारे टिपतो. तिचे कौतुक होते ते तंत्रासाठी. मला त्यात दिसला तो थकवा. हा वीर धापा टाकतो, भिंतीचा आधार घेतो, पडलेली माणसे पुन्हा उठतात आणि त्यांना पुन्हा मारावे लागते. प्रत्येक ठोशाचे वजन मारणाऱ्याच्याही हाडांना कळते. ज्या हिंसेत कोणालाच काही लागत नाही, तिची मला अधिक धास्ती वाटते. अर्थात, ही मालिका प्रौढांसाठी आहे आणि शाळकरी मुलांपुढे ती लावू नये, याबाबत माझा त्या गृहस्थांशी काडीचाही वाद नाही.

आणि जे खरे ते मान्य केलेच पाहिजे. त्याच भागात मर्डॉक एका गुंडाला गच्चीवर नेऊन माहितीसाठी त्याचा छळ करतो आणि आपल्याला यात सुख मिळते, असे त्याला सांगतो. माहिती काढण्यासाठी केलेला छळ मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २२९७ वा परिच्छेद निःसंदिग्धपणे सांगतो. तेथे ‘पण’ला जागा नाही, आणि चाहता असूनही मी ती शोधणार नाही. मालिका मात्र हे सुख त्याच्या गळ्यात अडकवून ठेवते आणि ते घेऊनच त्याला पुन्हा फादर लँटमांपुढे आणून बसवते. इतर किती मुखवटेधारी कोणापुढे जाऊन बसतात?

येथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. म्हणजे माझ्याच पंथातील चाहत्यांशी. दुसऱ्या पर्वात फ्रँक कॅसल, म्हणजेच ‘पनिशर’, मर्डॉकला गच्चीवर धुराड्याला साखळदंडाने बांधतो आणि दोघांची रात्रभर जुंपते. गुन्हेगाराला ठार करणे हाच एक उपाय, असे कॅसलचे म्हणणे. माणूस बदलू शकतो, असे मर्डॉकचे. या वादात कॅसलच जिंकला, असे छातीवर त्याच्या कवटीचे चित्र मिरवणारे तरुण मला सांगतात. त्यांनी पुढचा भाग बहुधा झोपेत पाहिला असावा. ग्रोटो नावाच्या ज्या भुरट्या गुंडाला कॅसलने मारले, त्याची अंत्यविधीची प्रार्थना जवळजवळ रिकाम्या ख्रिस्तमंदिरात होते. तो खुनी होता हे फादर लँटम लपवत नाहीत; परंतु एक माणूस गेला म्हणजे काय काय गेले, हे ते ओंजळभर श्रोत्यांना सांगतात. नंतर अपराधी भावनेने पोखरलेल्या मर्डॉकला ते म्हणतात की, ही बोचणी म्हणजे तुझे काम अजून संपलेले नाही याची खूण समज. कॅसलच्या बंदुकीला दिलेले यापेक्षा चांगले उत्तर मी कोणत्याही मालिकेत ऐकलेले नाही. दुर्दैवाने त्याच पर्वाचा उत्तरार्ध निन्जांच्या झुंडी आणि प्राचीन गुप्त संघटना यांत वाया गेला. असो.

फादर लँटम ही भूमिका पीटर मॅक्रॉबी यांनी केली आहे. पडद्यावरचा धर्मगुरू एक तर भोळसट असतो, नाही तर ढोंगी. हा कॉफी करून देतो, थट्टा करतो, मुखवट्यामागे कोण आहे हे ओळखतो आणि ते स्वतःपाशीच ठेवतो. सैतान खरोखर असतो का, असे मर्डॉक त्यांना विचारतो, तेव्हा ते पोथी उघडत नाहीत. रवांडातील आपला अनुभव सांगतात. तेथील एका आदरणीय वृद्धाला मारण्यास सैनिक धजले नाहीत. तेव्हा त्यांचा अधिकारी स्वतः त्याला भेटायला गेला, कित्येक तास त्याच्याशी बोलला आणि मग त्याला बाहेर ओढून कुटुंबासमोर कोयत्यांनी मारवले. त्या माणसात मी सैतान पाहिला, असे फादर म्हणतात. शिंगांचा त्यात उल्लेखही नाही.

तिसरे पर्व हे तिन्हींत उत्तम. मरता मरता वाचलेला मर्डॉक अनाथाश्रमात परततो तो देवावर रुसून. आपण ईयोबासारखी निष्ठा दाखवली आणि बदल्यात काय मिळाले, हा हिशेब तो सिस्टर मॅगींपुढे मांडतो. या सिस्टरच आपली जन्मदात्री आहेत आणि फादरांना हे ठाऊक होते, हे त्याला कळते तेव्हा तो दोघांवरही पेटून उठतो. मग ख्रिस्तमंदिरात शिरलेला मारेकरी कॅरन पेज हिच्यावर दंडुका फेकतो. फादर लँटम मध्ये पडतात आणि तो घाव स्वतःवर घेतात. मरताना ते मर्डॉककडे क्षमा मागतात. पापनिवेदन ऐकणारा ते करणाऱ्याकडे क्षमा मागतो! मी हा प्रसंग पाहिला त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

यानंतर फिस्कला ठार मारण्याचा मर्डॉकचा निश्चय झालेला असतो. शेवटच्या भागात तो संधी मिळूनही हात आवरतो. पण पर्व संपेपर्यंत त्याला पापक्षमा मिळाल्याचे आपण पाहत नाही. २०२५ साली डिस्नेने ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ या नावाने कथा पुढे नेली. चार्ली कॉक्स आणि फिस्कच्या भूमिकेतील व्हिन्सेंट डोनोफ्रिओ तेच आहेत, अभिनयही कसदार आहे. पण लँटमांची खुर्ची मला रिकामीच वाटली.

त्या सभेत शेवटी असे ठरले की, अशा मालिकांची एक यादी करून सूचनाफलकावर लावावी. यादीत ‘डेअरडेव्हिल’ पहिल्या क्रमांकावर आहे. ‘द अव्हेंजर्स’ नाही. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. आम्ही दोघांनी मालिका पुन्हा पहिल्या भागापासून लावली आहे, आणि गेल्या शनिवारी रवांडाच्या गोष्टीपर्यंत आलो.