चोर कोण, हे गर्दी ठरवणार?

भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ मला, एका इंजिनिअरला, नीट लिहिलेल्या कोडसारखं वाटतं. चोरी ठरायला सगळ्या अटी एकदम खऱ्या व्हाव्या लागतात. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नको, हेतू अप्रामाणिक हवा आणि त्या हेतूने ती जागची हललेली हवी. एक अट हुकली, की चोरी नाही. उभं झाडसुद्धा चोरता येत नाही. तोडून जमिनीपासून सुटलं, की येतं. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७८ मध्येही हेच होतं.

आमच्या पिंपळनेरजवळच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला गर्दीने काय तपासलं? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मुलं चोरणारी टोळी’ फिरत होती. तेवढ्यावर नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मारून टाकलं. मूल कायद्यात मालमत्ता नाही. ते पळवणं हा अपहरणाचा वेगळा गुन्हा. पण इथे कोणाचं मूल गेलंच नव्हतं.

‘लोक घाबरले होते’ म्हणणाऱ्यांना माझा सवाल: भीती झोळी बघूनच का वाटते? व्याख्येत झोळी नाही, जात नाही, बोली नाही. आहे ती फक्त कृती आणि हेतू.

आज पाच हजारांखालची पहिलीच चोरी सिद्ध झाली आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. सिद्ध चोराला समाजसेवा, आणि नुसत्या संशयिताला मरण?

पुढचा ‘सावधान’ मेसेज आला की विचारा: काय गेलं? कोणाचं गेलं? कोणी पाहिलं? उत्तर नसेल, तर डिलीट करा.