कमिटच्या आधीची पायरी

मोडनिंबला घरी बसून मी एका ओळखीच्या अडत्यासाठी शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापणारा छोटा प्रोग्राम सांभाळतो. ऐन डाळिंबाच्या हंगामात हमालीच्या पैशांचं राउंडिंग चुकत होतं, ते दुरुस्त केलं. तपासताना सोय म्हणून त्याच फाइलमध्ये तोलाई शून्य केली होती, ती तशीच राहिली. 'गिट कमिट डॅश ए' दिलं आणि मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या तोलाईविना निघाल्या. घाबरून ते कमिट रिव्हर्ट केलं, तर हमालीची दुरुस्तीही सोबत गेली आणि शेतकऱ्यांकडून पुन्हा जादा हमाली कापली जाऊ लागली. आधी अडत्याला फटका, मग शेतकऱ्याला. दोन्ही माझ्यामुळे.

म्हणून भाचा जेव्हा विचारतो, "मामू, आधी ॲड, मग कमिट, असं दोनदा कशाला?" तेव्हा मला गप्प बसवत नाही.

त्याचं म्हणणं अगदीच पोरकट नाही. लिनस टॉरव्हाल्ड्सने गिट 2005 च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. त्याच महिन्यात आलेल्या मर्क्युरियलमध्ये ही पायरी नाही. बदललेलं सगळं थेट कमिट होतं. फायरफॉक्सचं काम वर्षानुवर्षं त्यावरच चाललं.

तरी मला ही पायरी हवी. स्टेजिंग म्हणजे पुढच्या कमिटचा कच्चा मसुदा. 'गिट ॲड' म्हणताच फाइल त्या क्षणी जशी आहे तशी नोंदली जाते. नंतरचा बदल पुन्हा ॲड केल्याशिवाय त्यात जात नाही. नवखे इथेच चकतात, कारण एकच फाइल स्टेटसमध्ये दोन ठिकाणी दिसते. 'गिट ॲड डॅश पी' तर एकेक तुकडा समोर धरून विचारतं, घ्यायचा का? हमालीला वाय, तोलाईला एन. मग 'गिट डिफ डॅश डॅश स्टेज्ड' देऊन नेमकं काय जाणार ते वाचायचं. मला हे वाचायला मिनिटही लागलं नसतं.

एक खोट आहे, ती लपवत नाही. असा निवडलेला भाग आपण एकटा चालवून पाहिलेला नसतो. त्यासाठी 'गिट स्टॅश डॅश डॅश कीप-इंडेक्स' देऊन बाकीचे बदल बाजूला ठेवायचे, प्रोग्राम चालवायचा, मगच कमिट.

पट्ट्यांच्या प्रोग्रामला मी आता डॅश ए लावत नाही. भाचा अजून लावतो. त्याच्या प्रोग्राममुळे अजून कुणाचे पैसे कापले जात नाहीत.