मोहम्मेडनचं मैदान भरतं, मग खेळाडूंचे पगार का थांबतात?

६ एप्रिल २०२४. रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. शिलाँगमध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने शिलाँग लाजाँगला २-१ असं हरवलं आणि एक सामना बाकी असतानाच आय-लीग जिंकली. अर्जेंटिनाच्या अलेक्सिस गोमेझने पहिल्याच मिनिटाला गोल केला होता. १८९१ साली स्थापन झालेल्या या क्लबचं राष्ट्रीय लीगचं हे पहिलंच विजेतेपद. आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत ईदच्या आधीच मुबारकबादीचे मेसेज फिरले. ज्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एक सामना पाहिलेला नाही, त्यांनीही ते पुढे पाठवले. नावाची निस्बत अशी असते.

या विजयामुळे क्लबला इंडियन सुपर लीगचं, म्हणजे आयएसएलचं दार उघडलं. आणि त्यानंतर दहा महिन्यांच्या आत काय झालं, तर खेळाडूंनी सरावाला उतरायला नकार दिला. कारण पगार थकले होते. ज्यांनी आय-लीग जिंकून दिली ते रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह जानेवारी २०२५ च्या अखेरीस थकबाकीचं कारण देऊन निघून गेले. संघ तेरापैकी तेरावा आला. २४ सामन्यांत फक्त दोन विजय, तेही चेन्नई आणि बंगळुरूत. म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर तिकीट काढून येणाऱ्या माणसाला संपूर्ण हंगामात एकही विजय बघायला मिळाला नाही.

मुबारकबादीचे मेसेज पाठवणारे आपण सगळे तेव्हा गप्प होतो. म्हणून हा लेख.

आधी साधं गणित करू. आयएसएलमध्ये क्लबचं घरचं मैदान होतं दक्षिण कोलकात्यातलं किशोर भारती क्रीडांगण. तिथे साधारण १२ हजार माणसं बसतात. समजा प्रत्येक सामन्याला एकूण एक खुर्ची भरली आणि तिकीट सरासरी १०० रुपये धरलं. हंगामात घरचे १२ सामने. झाले १ कोटी ४४ लाख. आता दुसरी बाजू बघा. आयएसएलमध्ये एका संघाच्या पगारावरची कमाल मर्यादा काही हंगामांत १६.५ कोटी रुपये होती. प्रत्येक क्लब तेवढा खर्च करतो असं नाही, पण त्या पातळीवर टिकून राहायचं तर त्याच्या आसपास जावं लागतं. तिकिटांच्या पैशातून त्याचा दहावा हिस्सासुद्धा निघत नाही. त्यात प्रवास, हॉटेल, डॉक्टर, मैदानाचं भाडं, लहान मुलांचे संघ धरलेलेच नाहीत.

म्हणजे गर्दी ही दौलत आहे हा आपला समज अर्धाच खरा आहे. मोहम्मेडनकडे गर्दी नेहमीच होती. मे २०२२ मध्ये आय-लीगचा निर्णायक सामना सॉल्ट लेक स्टेडियमवर झाला, तेव्हा लोक हजारोंनी आले. गोकुलम केरळाने २-१ ने हरवलं, लोक रडत घरी गेले आणि पुढच्या हंगामात पुन्हा आले. मात्र पगार देतो तो गुंतवणूकदार. २०२४ मध्ये जुन्या गुंतवणूकदाराच्या जोडीला नवा आला, आणि भागभांडवल कोणाकडे किती यावरून त्यांच्यात व क्लबच्या पदाधिकाऱ्यांत वाद सुरू झाला. कागदावर सह्या होईपर्यंत पैसे कोण देणार? कोणीच नाही. पण खेळाडूंच्या करारावर सह्या केव्हाच झालेल्या होत्या!

खरं तर खेळाडू निवडून आणणं ही याच क्लबची जुनी ताकद. १९३० च्या दशकात कोलकात्यात बाकीचे देशी क्लब आपापल्या गावच्या पोरांवर खेळत असताना मोहम्मेडनने बंगळुरू, क्वेट्टा अशा लांबच्या गावांहून खेळाडू आणले. अनवाणी खेळायची रीत होती त्या काळात पावसाळी चिखलात त्यांना बूट घालून उतरवलं. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं ती कोणाला मिळू दिली नाही. १९४० मध्ये दिल्लीत डुरंड चषक जिंकला. त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स चषकही. कूपरेजवर रोव्हर्सचे सामने पाहिलेले बुजुर्ग आजही भेटले की पुढच्या दशकांतल्या काळ्या-पांढऱ्या जर्सीच्या गोष्टी सांगतात.

आता याच्या शेजारी अलीकडचं उदाहरण ठेवा. मिझोरमचा डेव्हिड लालहलानसांगा. २०२३ च्या डुरंड चषकात सर्वाधिक गोल याचे, आणि जर्सी मोहम्मेडनची. (क्लबच्या नावावरून ज्यांना वाटतं की संघात फक्त मुसलमान खेळतात, त्यांनी कधीतरी संघाची यादी वाचावी.) आयएसएलमध्ये बढती मिळाली आणि नेमका तेव्हाच हा मुलगा शेजारच्या ईस्ट बंगालकडे गेला. वर चढलेल्या क्लबने आपला गोल करणारा भारतीय खेळाडू काहीही करून टिकवायचा असतो. तो गेला, आणि परदेशी खेळाडू आणले ते पुढे येणाऱ्या पैशाच्या भरवशावर.

पगार थकला की पुढे काय होतं, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. फिफाचा नियम सांगतो की दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो आणि भरपाई मागू शकतो. परदेशी खेळाडूची तक्रार थेट फिफाकडे जाते. भारतीय खेळाडूची भारतीय क्लबविरुद्धची तक्रार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीकडे. फिफाने पैसे द्यायचा आदेश दिला आणि ४५ दिवसांत दिले नाहीत, तर क्लबवर नव्या खेळाडूंची नोंदणी करायला बंदी येते, ती लागोपाठ तीन नोंदणी-मोसमांपर्यंत लांबू शकते. मोहम्मेडनवर २०२५ मध्ये हेच झालं. जुनी उधारी फेडल्याशिवाय नवा माणूस घेता येत नाही, त्यामुळे कोवळ्या पोरांना मोठ्यांसमोर उभं करावं लागलं.

मजुराची मजुरी वेळेवर देण्याबद्दलची हदीस आपल्या घरातली लहान मुलंही सांगतात. ज्या क्लबच्या नावात ही निस्बत आहे, त्याच्या खेळाडूला पगारासाठी संप करावा लागला ही गोष्ट आम्हाला तेराव्या क्रमांकापेक्षा जास्त लागली. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं काढलेल्या शिक्षकाला तर हे समजावून सांगायचीही गरज नाही. ‘संस्था आपली आहे, थोडं सबर करा’ हे वाक्य आम्हीही ऐकलेलं आहे. संस्था आपली असते, घरभाडं मात्र पहिल्या तारखेलाच द्यायचं असतं.

कोणी म्हणेल, भारतात फुटबॉलचंच असं आहे, एकट्या मोहम्मेडनला का बोलता? बरोबर आहे. २०२५ मध्ये आयएसएलच्या व्यावसायिक हक्कांचा करार अडकला, हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, तेव्हा भल्या भल्या क्लबांनी पगार थांबवले. आणि आपल्या महाराष्ट्राकडे बोट दाखवायला तर जागाच नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी दोन्ही २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर संपले. मोहम्मेडनकडे गर्दी आहे आणि पैशाचा मेळ नाही. आपल्याकडच्या या क्लबांच्या मागे कंपन्यांचा पैसा होता, गर्दी बेताची होती, आणि कंपनीचं मन उडालं त्या दिवशी सगळं संपलं.

पण मुंबई एफसीची गोष्ट एवढ्यावर सोडता येत नाही. या क्लबला २००९ ते २०१६ अशी सात वर्षं खालिद जमील यांनी सांभाळलं. आधी तिथेच खेळाडू होते. मोठी नावं घ्यायला पैसे नाहीत, तर जी मुलं इतरांच्या नजरेत भरत नाहीत ती घ्यायची, घट्ट बचाव करायचा आणि लीगमध्ये टिकायचं. दरवर्षी टिकले. लोक म्हणायचे, खेळ बघवत नाही. २०१६ मध्ये त्यांना जावं लागलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर येऊन खाली गेली आणि नंतर बंदच झाली.

आणि खालिद जमील कुठे होते? आयझॉलला. आदल्या हंगामात घसरलेला, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला छोटासा क्लब. जमील यांनी मुंबईतले जुने शागीर्द जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले, सीरियाचा महमूद अल-अमना आणला, बाकी बरीचशी मिझो मुलं. ३० एप्रिल २०१७ ला आयझॉल एफसी आय-लीगचा विजेता झाला, ईशान्य भारतातला पहिला. हे सगळं लीगमधल्या सगळ्यात लहान बजेटांपैकी एका बजेटमध्ये. पैशाची अडचण मात्र तिथेही सुटली नाही. विजेतेपदानंतर काही महिन्यांत राणे आणि मेहता एटीकेकडे, अल-अमना आणि स्वतः जमील ईस्ट बंगालकडे गेले. छोट्या क्लबचं यश मोठे क्लब विकत घेतात, हे जगभर असंच आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा मुबारकबादीचे मेसेज पुन्हा फिरले. त्यांची मुंबईतली ती सात वर्षं कोणाला आठवली असतील?

इंग्लंडमध्ये खालच्या लीगचे क्लब शेकडो आहेत आणि रडगाणं तेच आहे. बरी हा १८८५ चा क्लब. २०१९ च्या वसंतात चौथ्या लीगमधून तिसरीत चढला, पण ज्यांच्या जिवावर चढला त्या खेळाडूंचेच पगार थकलेले. मालकाने क्लब घेतला होता एका पौंडात! त्याच वर्षी २७ ऑगस्टला लीगने त्यांना काढून टाकलं. १२५ वर्षांचं लीगमधलं स्थान एका संध्याकाळी गेलं. याच्या उलट एक्सेटर सिटी. २००३ मध्ये बुडता बुडता प्रेक्षकांच्या ट्रस्टने तो हाती घेतला आणि आजही मालकी त्यांचीच आहे. सभासद वर्गणी भरतात, हिशेब मागतात. आपल्या अकादमीत पोरं घडवायची आणि योग्य वेळी विकायची हा त्यांचा मार्ग. ऑली वॉटकिन्स तिथलाच, २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकला गेला. एक्सेटर काही युरोप जिंकणार नाही. पण पगार होतात.

मोहम्मेडनचे सभासद आणि चाहते आठ-दहा शहरांत पसरलेले आहेत. त्यांना दरवर्षी छापील जमाखर्च मिळाला, गुंतवणूकदाराशी केलेल्या कराराच्या अटी आधी कळल्या, आणि हंगाम सुरू होण्याआधी पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली गेली, तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील असं आम्हाला वाटतं. मशिदीच्या चंद्याचा हिशेब जुम्याला फळ्यावर लागतो, मग १३० वर्षांहून जुन्या क्लबचा का नको?

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे अब्बा शाळेत आले होते. मुलगा चांगला खेळतो, एका क्लबचं ट्रायलचं बोलावणं आलंय, शिक्षण सोडून पाठवू का, असं विचारत होते. आम्ही म्हटलं, ट्रायलला जरूर पाठवा, दहावीची परीक्षा देऊन. निवड झाली तर करार कोणत्या भाषेत आहे, पगार कुठल्या तारखेला, दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हे लिहून घ्या. आणि त्या क्लबच्या गेल्या वर्षीच्या खेळाडूंपैकी दोघांना फोन करून फक्त एवढंच विचारा, पैसे मिळाले का? त्यांनी फोन केले. एकाने उचललाच नाही, दुसरा म्हणाला, चाचा, चार महिन्यांचे बाकी आहेत. मुलगा सध्या अकरावीत आहे, संध्याकाळी खेळतो.