पहिल्या रेघेचे मोल

ठाण्याहून बेलापूरच्या दिशेने निघाले की महापे ओलांडल्यावर, तुर्भे येण्याआधी पावणे लागते. आज व्यापारी कुटुंबांना हे नाव गावापेक्षा औद्योगिक वसाहत म्हणूनच अधिक परिचित आहे. कोणाचा तेथे गाळा आहे, कोणाचे गोदाम, तर कोणाचा लहानसा कारखाना. माल भरून निघालेले टेम्पो, वाशीच्या घाऊक बाजाराकडे जाणारे ट्रक आणि पाळी बदलताना रस्त्यावर येणारे कामगार, हे तेथले नित्याचे दृश्य. या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की भोवतालच्या या नगराची कल्पना प्रथम मांडणाऱ्या तिघांपैकी दोघांनी वयाची पस्तिशीही गाठलेली नव्हती, आणि ते काम त्यांना कोणी सोपविलेले नव्हते.

अलीकडे अनेक व्यापारी घरांतील मुले-मुली वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. पाच वर्षांचे शिक्षण, त्यातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अखेरच्या वर्षाचा प्रबंध आणि मग वास्तुकला परिषदेकडे नोंदणी, असा हा लांबचा प्रवास. तो संपताच घरातून प्रश्न येतो, ‘आता कमाई केव्हा?’ महाविद्यालयात रात्री जागून केलेले आराखडे आणि लाकडा-पुठ्ठ्याच्या प्रतिकृती माळ्यावर जातात. या प्रश्नात गैर काही नाही, कारण हिशोब हा घराचा आधार असतो. परंतु ज्या कामाचे बिल झाले नाही ते काम वाया गेले, हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. चार्ल्स कोरिया यांची आरंभीची कामे पाहिली म्हणजे हे ध्यानात येते.

कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबाद येथे झाला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले आणि नंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९५५ साली तेथे त्यांनी प्रबंध म्हणून एखाद्या भव्य इमारतीचा आराखडा दिला नाही, तर एक लहानसा चित्रपट केला. विषय होता माणूस आणि त्याची वस्ती. वस्तीची सुधारणा वरून लादता येत नाही, तेथे राहणाऱ्यांनीच ती हाती घ्यावी लागते, असा त्याचा आशय. बांधकामाच्या बाजारात अशा चित्रपटाला काय किंमत येणार? तरीही पुढील तीस वर्षांच्या कामाचे बीज त्यातच होते.

मुंबईत परतल्यावर १९५८ साली त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांच्याकडे साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे काम आले. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रपित्याच्या स्मारकासाठी संगमरवरी घुमट उभारणे सहज शक्य होते. कोरिया यांनी मात्र सहा मीटर लांब-रुंद अशा साध्या, कौलारू चौकटी एकमेकींना जोडल्या. विटांचे खांब, दगडी फरशी, लाकडी झडपा, मधोमध पाण्याचे कुंड; काचेच्या खिडक्या नाहीत. पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ तीच छपराला आधार देणारी तुळई. संग्रह वाढला की आणखी चौकटी जोडाव्यात, मूळ इमारत मोडण्याचे कारण नाही. एका दुकानाची शेजारच्या गाळ्यात वाढ होत जाते, तसा हा वाढीचा विचार होता.

त्यांचे प्रत्येक काम टिकले असे मात्र नाही. अहमदाबादेत त्यांनी अल्प खर्चाचे एक अरुंद, लांबट घर रचले. तापलेली हवा उतरत्या छपराखालून वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर जावी आणि यंत्रावाचून घर थंड राहावे, अशी त्याची योजना होती. गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेत ती पहिली आली, पण त्या घरांच्या रांगा कधी उभ्या राहिल्या नाहीत. जे बांधले गेले तेही पुढे पाडले गेले. कल्पना मात्र उरली, आणि हवेच्या त्याच जाणिवेने कोरिया यांची पुढची अनेक घरे घडली.

१९६४ साली मुंबई महापालिकेने शहराच्या विकासाचा आराखडा जाहीर करून नागरिकांची मते मागविली. तो आराखडा दाटलेल्या बेटावरच आणखी भार टाकणारा आहे, असे तिघांना वाटले. ते तिघे म्हणजे कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. पटेल हे केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाचे अभियंता. तो पूल १९६५ सालीच वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात तिघांचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येत आहेत, खाडीवर पूल होऊ घातला आहे, न्हावा-शेवा येथे बंदराचा विचार आहे. मग हे सारे तुटक तुटक होऊ देण्याऐवजी खाडीपलीकडे एक समर्थ नगरच का वसवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. पावण्याच्या पट्ट्यातले कारखाने असे त्या युक्तिवादाचा पुरावाच ठरले.

पैसा कोठून येणार, याचे उत्तर व्यापाऱ्याला चटकन उमगावे असे होते. शासनाने जमीन आधी हाती घ्यावी, रस्ते-पाणी द्यावे आणि त्यामुळे वाढलेल्या किमतीतूनच पुढचा खर्च भागवावा. जमीन हेच भांडवल! १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे या योजनेत आली. पुढे टप्प्याटप्प्याने मुंबईचे घाऊक बाजार खाडी ओलांडून आले आणि कित्येक पेढ्यांचे पत्ते बदलले. राज्याचा कारभार मात्र नव्या नगरात गेला नाही. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि प्रस्तावाचा एक मुख्य आधार निखळला.

या वहीत नावेची बाजूही आहे. कागदावर जी जमीन भांडवल म्हणून मांडली गेली, ती कोणाची तरी भातशेती होती, कोणाचे मिठागर होते. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. नकाशावर रेघ ओढणाऱ्या प्रत्येक तरुण हाताने हे स्मरणात ठेवावे. आराखड्यातील मोकळी जागा बहुधा मोकळी नसते. तेथे आधीच कोणीतरी राहत असते.

त्याच सुमारास, १९८३ नंतर, बेलापूरला कोरिया यांनी सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत रचली. ती आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सात-सात घरांमध्ये एक चौक, असे तीन चौक मिळून एकवीस घरे, आणि त्यांच्यामध्ये आणखी मोठा चौक. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नात पाचपट अंतर असलेल्या कुटुंबांच्या जागांत मात्र फारसा फरक नाही. शेजारच्या घराशी सामाईक भिंत नसल्याने प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढविता यावे, ही त्यामागची दृष्टी. प्रबंधातला रहिवासी आणि साबरमतीची वाढणारी चौकट, दोन्ही येथे एकत्र आली. आज तेथील अनेक मूळ घरे पाडून रहिवाशांनी उंच घरे बांधली आहेत. मूळचे रूप हरवले याची खंत काहींना वाटते. परंतु घरावर शेवटचा हात राहणाऱ्याचा असावा, ही तर मूळ प्रबंधाचीच शिकवण होती.

पावण्याच्या एखाद्या गाळ्याचे नूतनीकरण हे घरच्या तरुण वास्तुविशारदाचे पहिले काम असू शकते. छपराला उजेड कोठून घ्यावा, दुपारी तापलेली हवा कशी बाहेर काढावी, हमालाने पाणी पिण्यासाठी बसावे कोठे, हे प्रश्न लहान नाहीत. तो खर्च मांडील तेव्हा वडीलधाऱ्यांनी आकडा जरूर तपासावा, पण त्याआधी त्याचा आराखडा समोर पसरून घेऊन पाहावा, आणि माळ्यावरचा प्रबंधही एकदा खाली काढावयास सांगावा. व्यापारात पहिल्या वर्षी नफा दिसला नाही म्हणून कोणी पेढी बंद करीत नाही. पहिल्या रेघेलाही तेवढी मुदत द्यावयास हवी.